स्थिर कोणी राहायचं?

२५ जानेवारी १८३९. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जमलेल्या मंडळींना मायकेल फॅरडेने काही कागद दाखवले. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या जमीनदार संशोधकाने उन्हाच्या मदतीने उमटवलेली ती चित्रं होती. पॅरिसमध्ये लुई दागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची घोषणा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि हे काम आपणही काही वर्षं करत आहोत, हे लोकांपुढे ठेवायची टॅल्बटला घाई होती. त्या कागदांवर फुलं होती, पानं होती, लेसची नक्षी होती, त्याच्या घराची आकृती होती. आणि त्यांतच सूक्ष्मदर्शकातून मोठा केलेला एका कीटकाचा पंखही होता, शिरांच्या बारीक जाळीसकट. कागदावरचं छायाचित्र पहिल्यांदा लोकांसमोर आलं त्याच दिवशी कीटकानेही त्यात आपली जागा घेतली होती.

मात्र तो नुसता पंख होता. टॅल्बट वापरत असे तो सौर सूक्ष्मदर्शक. खोली पूर्ण अंधारी करायची, खिडकीच्या झडपेला एक भोक ठेवायचं, बाहेरच्या आरशाने ऊन त्या भोकातून भिंगांवर सोडायचं आणि समोरच्या कागदावर पडलेली मोठी प्रतिमा रसायनात पकडायची. त्या काळचे कागद इतके मंद होते की एका चित्राला कित्येक मिनिटं लागत. तेवढा वेळ काचेवरचा सुटा पंख पडून राहू शकतो, जिवंत माशी राहू शकत नाही.

इथेच या कलेची मूळ अडचण आहे. लहान वस्तू मोठी करून दाखवायची, तर तिची हालचालही तेवढीच मोठी होते. कॅमेरा किंचित हलला, पान वाऱ्याने डुललं, किड्याने मिशी हलवली, तरी चित्र पुसट. मग स्थिर कोणी राहायचं? जवळजवळ शंभर वर्षं ही सक्ती कीटकावरच होती. त्याला मारलं गेलं, टोचलं गेलं, चिकटवलं गेलं, बांधलं गेलं. आज एखादी विद्यार्थिनी बागेत गुडघे टेकून, हातातल्या कॅमेऱ्याने गांधीलमाशीच्या डोळ्यातला एकेक पैलू टिपते आणि गांधीलमाशी आपल्या वाटेने उडून जाते. हे साधलं ते कीटक स्थिर राहायला शिकला म्हणून नाही आणि माणसाचा हात थरथरायचा थांबला म्हणूनही नाही. ती सक्ती हळूहळू उजेडाकडे गेली, म्हणून साधलं.

छायाचित्रणाच्या आधीची एक हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रॉबर्ट हुकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ साली निघाला. त्यातली पिसू अनेकांनी पाहिलेली असते; घडी उलगडून पाहावं लागणारं ते भलंमोठं चित्र आजही थक्क करतं. पण हुकला खरा त्रास दिला मुंगीने. तिचे पाय मेणात किंवा डिंकात रोवले, तर ती अंग इतकं पिळायची की नीट बघताच येईना. मारून ठेवली तर तिचा आकार बिघडायचा. शेवटी हुकने एका मोठ्या मुंगीला ब्रँडीत बुडवलं. तिच्या तोंडातून बुडबुडे निघाले, ती निपचित झाली. मग बाहेर काढून, पाय नीट मांडून, हुकने ती हवी तशी ठेवली आणि चित्र काढायला घेतलं. साधारण तासाभराने ती मुंगी अचानक शुद्धीवर आली आणि पळून गेली. हुकने हे सगळं लिहून ठेवलं आहे. आपण कसं पाहिलं हेही वाचकाला सांगणं तो आपलं काम समजत होता, आणि कीटक पाहणाऱ्या प्रत्येकाने ती सवय त्याच्याकडून घ्यावी अशीच आहे.

पुढची दोन-सव्वादोन शतकं कीटकांचं चित्र म्हणजे बहुतेक हाताने काढलेलं चित्र. त्यातलं काही काम आपल्याजवळच झालं आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली मुंबईत स्थापन झाली, तीन वर्षांनी तिचं नियतकालिक निघालं आणि १८९० च्या दशकात त्यात उत्तर कॅनरा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर डेव्हिडसन, बेल आणि एटकेन या तिघांची लेखमाला आली. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. टी. आर. बेल वनखात्यातले. गोव्याच्या हद्दीपासून फार दूर नसलेलं कारवार त्यांनी कायमचं घर केलं. ही मंडळी आळ्या आणून घरी वाढवत, कोणती आळी कोणत्या झाडावर जगते ते नोंदवत, कोषातून फुलपाखरू बाहेर येईपर्यंत वाट पाहत. लेखमालेबरोबर आळ्यांची आणि कोषांची चित्रं छापली गेली. आळी हा त्यातल्या त्यात सोयीचा विषय. ती पानावर ठिय्या देऊन बसते, चित्रकाराला वेळ देते. भिरभिरणारं फुलपाखरू मात्र पंख पसरून, टाचणी टोचूनच कागदावर यायचं. त्या काळच्या पुस्तकांतली फुलपाखरं कवायतीला उभी राहिल्यासारखी पंख आडवे करून दिसतात, त्याचं कारण हेच. बसलेलं फुलपाखरू बहुधा पंख मिटून बसतं.

उडणाऱ्या कीटकाचा पिच्छा पहिल्यांदा नेटाने पुरवला तो पॅरिसच्या एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने. १८६९ च्या सुमारास त्याने एका गांधीलमाशीच्या पंखाच्या टोकाला सोन्याच्या वर्खाचा कण चिकटवला आणि तिला उन्हात धरलं. चमकणाऱ्या कणाने हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढला. काजळी फासलेल्या फिरत्या नळकांड्यावर पंखाचं टोक घासू देऊन त्याने पंखांचे फटकारेही मोजले. साधी माशी सेकंदाला ३३० वेळा, गांधीलमाशी ११० वेळा, चतुर २८ वेळा आणि कोबीवरचं पांढरं फुलपाखरू फक्त ९ वेळा. हे आकडे बांधून ठेवलेल्या कीटकांचे आहेत, हे लक्षात घ्यायला हवं. पण माशी आणि फुलपाखरू यांच्यात केवढं अंतर आहे, ते या आकड्यांनी नेमकं मांडलं. त्या अंतरातच फोटो काढणाऱ्याची सगळी अडचण आहे.

मारेचा सहकारी ल्युसियाँ बुल हा डब्लिनमध्ये जन्मलेला तरुण १९०४ साली पुढे सरकला. त्याने फिरत्या ढोलावर फिल्म गुंडाळली आणि झडपेवर विसंबण्याऐवजी विजेच्या ठिणग्या वापरल्या. प्रत्येक ठिणगीला एक चित्र, सेकंदाला हजाराहून अधिक. कीटक एका नाजूक चिमट्यात धरलेला असे. चिमटा सुटून कीटक उडाला की त्याच क्षणी यंत्र चालू होई. माशीचे, चतुराचे पंख कसे वळतात हे माणसाच्या डोळ्याने पहिल्यांदा सावकाश पाहिलं, ते या चित्रांत. ही कल्पनाही टॅल्बटपर्यंत मागे जाते. १८५१ मध्ये त्याने वेगाने फिरणाऱ्या चकतीवर छापील कागद चिकटवला, खोलीत अंधार केला आणि लेडन बरण्यांमध्ये साठवलेली वीज एका कडाक्यात सोडली. कागद गरगरत असताना अक्षरं वाचता येतील अशी उमटली. ठिणगी इतकी क्षणिक होती की तेवढ्यात चकतीला जागा सोडायला वेळच मिळाला नाही. हातातल्या कॅमेऱ्याने कीटक टिपणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं मूळ या प्रयोगात आहे. फक्त बरण्यांचा तो पसारा शेतात नेण्यासारखा व्हायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली.

मधल्या काळात लोकांनी आहे त्या साधनांनी काम भागवलं. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथने पकडून ठेवलेल्या माशीला पायांवर बूच आणि इतर वस्तू तोलायला लावून चित्रपट काढला. १९१० मध्ये ‘द ॲक्रोबॅटिक फ्लाय’ या नावाने तो लोकांनी पाहिला आणि माशीच्या ताकदीने ते अचंबित झाले. अमेरिकेत डेव्हिड फेअरचाइल्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने पत्नी मेरियन हिच्यासह १९१४ साली ‘बुक ऑफ मॉन्स्टर्स’ प्रसिद्ध केलं. मेरियन ही अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची मुलगी. घराच्या परसात सापडलेले नाकतोडे, कोळी, भुंगे त्यांनी कित्येक फूट लांबीच्या कॅमेऱ्याने पानभर मोठे केले. लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर वाढवलं की प्रतिमा मोठी होते, म्हणून कॅमेरा लांब. अंतर वाढलं की उजेड कमी पोचतो, म्हणून वेळ जास्त. आणि वेळ जास्त, म्हणून कीटक मेलेला. हे मेलेले कीटक पायांवर उभे करून जिवंत असल्यासारखे मांडण्यात त्यांची सगळी कसोटी होती. चित्रं आजही पाहावीशी वाटतात, पण डोळे मिटून सांगता येईल की त्यांतला एकही कीटक काहीच करत नाही.

मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका १८८७ पासून उपलब्ध होता. तो धूर करायचा आणि पाला पेटवायचीही भीती असायची. १९२९-३० मध्ये काचेच्या फुग्यातले फ्लॅशबल्ब आले. धूर गेला. पण एक बल्ब एकदाच चाले आणि त्याचा उजेड सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास रेंगाळे. माणसाच्या हास्यासाठी तेवढं पुरेसं होतं, माशीच्या पंखासाठी नव्हतं.

ढोबळ हिशेब करून पाहिला तर ते ध्यानात येतं. सहा मिलिमीटरचा पंख सेकंदाला दोनशे वेळा वरखाली होत असेल, तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने फिरतं. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते सहा मिलिमीटर जातं, म्हणजे पंखाच्या स्वतःच्या लांबीएवढं. पंचवीस हजाराव्या भागात ते पाव मिलिमीटरच सरकतं. पंख दिसायला हवा असेल तर उजेड इतका अल्पायुषी हवा.

तो मिळवून दिला हॅरल्ड एजर्टन या विद्युत अभियंत्याने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फिरत्या मोटारींचा अभ्यास करताना, १९३१ च्या सुमारास, त्याने वायू भरलेल्या काचेच्या नळीतून साठवलेली वीज क्षणात सोडायचं तंत्र पक्कं केलं. तीच नळी हजारो वेळा चमकू शकत होती आणि दर वेळचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कितीतरी बारीक. आज प्रत्येक कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशची वंशावळ इथून सुरू होते. सुरुवातीची यंत्रं अवजड होती, दुसऱ्या महायुद्धानंतर ती खांद्याला अडकवण्याजोगी झाली.

उजेड आला तरी नजर यायची होती. जवळच्या वस्तूचा फोटो काढताना कॅमेऱ्याची खिडकी एक दाखवते आणि लेन्स दुसरंच पाहते. काही जण कॅमेऱ्याच्या पुढे ठरावीक अंतरावर तारेची चौकट लावत आणि कीटक त्या चौकटीत आला की कळ दाबत. भित्रा चतुर तारेजवळ कशाला थांबेल? लेन्समधून येणारं दृश्य आरशाने थेट डोळ्यापर्यंत नेणारा ३५ मिलिमीटरचा रिफ्लेक्स कॅमेरा, किने एक्झाक्टा, ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने १९३६ मध्ये बाजारात आणला. आता दिसेल तेच मिळणार होतं. लेन्सचं तोंड बारीक केल्यावर खिडकीत अंधार होण्याचा त्रास उरला होता. कळ दाबली की आपोआप मिटणारी छिद्रं पन्नाशीच्या दशकात येऊ लागली, तेव्हा तोही गेला.

हे सगळे धागे एकत्र गुंफून जिवंत कीटकासमोर नेणाऱ्यांत एडवर्ड एस. रॉस यांचं नाव आदराने घ्यावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसमधले हे कीटकशास्त्रज्ञ. रेशमी बोगदे विणून त्यांत राहणाऱ्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या एम्बिया गटाचे ते जगातले मोठे जाणकार होते. १९५३ मध्ये त्यांचं ‘इन्सेक्ट्स क्लोज अप’ हे छोटं पुस्तक आलं. कीटक गोळा करणारे आणि छायाचित्रकार अशा दोघांसाठी ते लिहिलं होतं, आणि ही जोडणीच महत्त्वाची आहे. कीटक बाटलीत घालण्याआधी तो कुठे बसला होता, काय खात होता, कुणाशी झटत होता, हेही नोंदवण्याजोगं आहे, आणि लहान कॅमेरा व फ्लॅश यांनी ते जागच्या जागी नोंदवता येतं, हे रॉस यांनी स्वतःच्या कामातून दाखवलं. पुढची कित्येक दशकं ते जगभर फिरून हेच करत राहिले. १९१५ साली जन्मलेले रॉस शंभरी ओलांडून २०१६ मध्ये गेले.

या इतिहासातली सर्वांत लोभस गोष्ट अशी की जी साधनं कीटकांच्या छायाचित्रणाची म्हणून आज ओळखली जातात, त्यांतली कितीतरी कीटकांसाठी बनलीच नव्हती. लेन्सभोवती कड्यासारखा बसणारा रिंग फ्लॅश लेस्टर डाइन याने १९५२ मध्ये दंतवैद्यांसाठी बनवला, तोंडाच्या पोकळीत सावली न पडता दात दिसावेत म्हणून. निकॉनची पहिली मायक्रो-निक्कोर लेन्स १९५६ ची. बारीक जपानी अक्षरांची कागदपत्रं मायक्रोफिल्मवर जशीच्या तशी उतरावीत, हा तिचा हेतू होता. त्याच कंपनीने १९६२ मध्ये स्वतःच्याच अंगात फ्लॅश असलेली मेडिकल-निक्कोर काढली, ती शस्त्रक्रियांच्या नोंदींसाठी. कुणाच्याही हातात सहज बसेल अशी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळचं टिपणारी, लेन्स मात्र १९५५ मध्येच आली होती: हाइन्झ किलफिट यांची ४० मिलिमीटरची मॅक्रो-किलार. किड्यांच्या मागे हिंडणाऱ्यांनी दंतवैद्याकडून, ग्रंथपालाकडून, शल्यविशारदाकडून जे मिळेल ते उचललं आणि गवतात नेलं.

हिशेबाची कटकट मात्र कायम होती. कीटक जेवढा आहे तेवढाच फिल्मवर उतरवायचा, म्हणजे एकास एक, तर लेन्स इतकी पुढे जाते की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. लेन्सच्या छिद्राचा आकडा (तो मोठा, तेवढं छिद्र बारीक) ११ ठेवला तरी ते काम २२ सारखं करतं. दुप्पट मोठं करायचं तर आणखी वजाबाकी. फ्लॅश किती दूर, कीटक केवढा, लेन्स किती लांबवली, हे सगळं मनात किंवा चिटोऱ्यावर मांडून मग कळ दाबायची. तोवर भुंगा दुसऱ्या फुलावर गेलेला. शिवाय रंगीत फिल्म मंद. १९६१ मध्ये आलेल्या कोडाक्रोम-२ चा वेग अवघा २५ होता. आज मोबाइलमध्ये सहज वापरल्या जाणाऱ्या आकड्यांशी तुलना केली तर ही मंदी लक्षात येईल.

ती कटकट संपवली ऑलिंपसच्या योशिहिसा माइतानी यांच्या चमूने. १९७५ च्या ओएम-२ या कॅमेऱ्यात, झडप उघडी असताना फिल्मवर पडून परावर्तित होणारा उजेड कॅमेरा आतल्या आत मोजत असे आणि पुरेसा झाला की फ्लॅशला तिथेच तोडत असे. लेन्स किती पुढे आहे, कीटक किती जवळ आहे, हे माणसाने सांगायची गरज उरली नाही. याच कंपनीने वीस, अडतीस, ऐंशी, एकशे पस्तीस मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सेस, मागे-पुढे सरकणारी नळी आणि लेन्सच्या तोंडाशी बसणारे जोडफ्लॅश असा पुरा संच उभा केला. माइतानींचा कॅमेरा मुळात लहान आणि हलका होता, एका हातात मावणारा. दुसरा हात मोकळा झाला, आणि हातात धरून कीटक टिपण्याच्या कलेत त्या दुसऱ्या हाताला केवढी किंमत आहे, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

सकाळची वेळ. गवताच्या काडीवर एक निळी माशी बसली आहे. छायाचित्रकार डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात ती काडी, माशीच्या बरीच खाली, अलगद धरतो. त्याच हाताच्या उरलेल्या बोटांवर लेन्सचं पुढचं टोक टेकवतो. आता वारा आला तर काडी, माशी, हात आणि लेन्स सगळी एकत्र हलतात. त्यांच्यातलं अंतर बदलत नाही, आणि चित्र बिघडवतं ते अंतरच. फोकसचं कडं आधीच हव्या त्या मोठेपणावर फिरवून ठेवलेलं असतं, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. खांदे किंचित पुढे नेले की माशीच्या मिशा स्पष्ट होतात, मग डोळ्याचा पुढचा भाग, मग पाठीवरचे राठ केस. एकास एक आकारात, छिद्र ११ ला ठेवलं, तरी एका वेळी सव्वा मिलिमीटरच्या आसपासच खोली स्पष्ट असते. दुप्पट आकारात ती जेमतेम अर्धा मिलिमीटर उरते. म्हणून डोकं समोरून घ्यायचं की बाजूने, हा सौंदर्याचा प्रश्न नंतरचा. लेन्सला समांतर असलेल्या एका पातळ कापात कीटकाचा किती भाग बसतो, हे आधी पाहावं लागतं. छिद्र आणखी बारीक करून खोली वाढवावी म्हटलं, तर प्रकाशाची किरणंच कडांवर पसरतात आणि सगळंच चित्र मऊ पडतं. अनुभवी लोक ८ ते १६ च्या दरम्यान थांबतात.

श्वास सोडून झाल्यावरच्या क्षणी कळ दाबली जाते. फ्लॅश पूर्ण ताकदीने न लावता सोळाव्या हिश्शाने लावलेला असतो, कारण ताकद कमी केली की लखलखाटाचं आयुष्यही आखूड होतं, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या जवळपास. छिद्र इतकं बारीक असतं की दिवसाच्या उजेडाचा वाटा नगण्य. चित्र काढते ती फक्त ती एक चमक. झडप भले सेकंदाचा दोनशेवा भाग उघडी असो, हाताला त्या वेळात थरथरायची मोकळीक आहे, कारण त्या थरथरीचा फोटो उजेडाअभावी उमटतच नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे काळीकुट्ट पार्श्वभूमी. साठ-सत्तरच्या दशकातल्या कित्येक फोटोंत भर दुपारचा कीटक मध्यरात्रीचा वाटतो. उजेड भगभगीत, पाठीवर पांढरा डाग, सावल्या कोरड्या. यावर तोडगा कारखान्यांपेक्षा छंदी लोकांनी अधिक काढला. फ्लॅशपुढे दुधी प्लॅस्टिक, ट्रेसिंग पेपर, बटर पेपर, थर्मोकोलची वाटी लावून उजेड पसरवायचा, कीटकाच्या अगदी जवळ आणायचा, मागे एखादं पान येईल असा कोन धरायचा. चकाकत्या भुंग्याच्या पाठीवर उजेडाचा स्रोत आरशासारखा दिसतो, म्हणून तो मोठा आणि मऊ हवा. या घरगुती छत्र्यांनी मॅक्रो छायाचित्रांचा चेहरा बदलला, असं म्हणणं धाडसाचं वाटेल, पण ते खरं आहे.

सत्तरच्या दशकातच इंग्लंडमध्ये स्टीफन डाल्टन दुसऱ्या टोकाचं काम करत होते. मुक्त उडणारा कीटक, पंखांच्या टोकापर्यंत स्पष्ट, हे त्यांचं ध्येय. त्यासाठी अभियंता रॉन पर्किन्स यांच्या मदतीने त्यांनी सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागाचा फ्लॅश आणि नेहमीपेक्षा कितीतरी चपळ झडप बनवून घेतली; साधी झडप उघडेपर्यंत कीटक चौकटीबाहेर गेलेला असे. कीटक बोगद्यातून उडत येई, प्रकाशाची शलाका तोडी आणि तोच स्वतःचा फोटो काढून जाई. १९७५ मध्ये ‘बॉर्न ऑन द विंड’ हे त्यांचं पुस्तक आलं. त्यातलं उडत्या कीटकाचं एक चित्र १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सोनेरी तबकडीत घातलं गेलं. पृथ्वीवर काय आहे हे परक्यांना सांगायला निवडलेल्या शंभराहून थोड्या जास्त चित्रांत हा कीटक आहे, आणि ही यानं सूर्यमालेचं ग्रहमंडळ कधीच मागे टाकून गेली आहेत. हे काम हातातल्या कॅमेऱ्याचं नव्हे, स्टुडिओतलं. पण उजेड पुरेसा आखूड केला तर कीटकाला बांधायची गरज नाही, हे त्याने निर्विवाद दाखवलं.

१९९९ मध्ये कॅननची एमपी-ई ६५ ही लेन्स आली. ती एकपट ते पाचपट मोठेपणासाठीच आहे, दूरचं काही तिला दिसतच नाही. पाचपट मोठेपणावर, सर्वांत मोठ्या छिद्राला, स्पष्ट खोली मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही कमी असते. आणि तरीही लोक ती हातात धरून मुंग्यांचे चेहरे टिपतात, ते फ्लॅशच्या आणि टेकवलेल्या डाव्या हाताच्या जोरावर. काही वर्षांत डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले आणि फसलेल्या फोटोची किंमत शून्यावर आली. छत्तीस फोटोंचं रील जपून वापरणाऱ्या पिढीला जे धाडस परवडत नव्हतं, ते सगळ्यांना परवडू लागलं. ओक्लाहोमाच्या थॉमस शाहान या तरुणाने जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सेस उलट्या बसवून आणि उजेड पसरवणारा घरगुती डिफ्यूझर लावून उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे जे चेहरे टिपले, ते ‘नॅशनल जिऑग्राफिक’पर्यंत गेले. कोळी हा कीटक नव्हे, पण या छंदात तो पहिल्यापासून घरचाच मानला गेला आहे.

संगणकाने आणखी एक वाट उघडली. फोकस किंचित किंचित पुढे नेत अनेक फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडून एक चित्र करायचं. लेव्हन बिस यांनी २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात मांडलेल्या ‘मायक्रोस्कल्प्चर’मधल्या एकेका कीटकासाठी आठ हजारांच्या वर फोटो जोडले गेले होते. ती चित्रं पाहून श्वास अडकतो. तरी ते संग्रहालयातले टोचलेले नमुने आहेत. जिवंत कीटकावर हे करायचं, तर तो तेवढा वेळ थांबायला हवा. त्यासाठी मेहनती लोक भल्या पहाटे उठतात, दव पडलेलं असताना, थंडीने चतुर काडीला घट्ट धरून बसलेला असताना. आळशी किंवा उतावळे लोक कीटक फ्रीजमध्ये ठेवतात, थंड पडलेला किडा फांदीवर मांडतात आणि रानातला म्हणून खपवतात. हुकच्या मुंगीनंतर साडेतीनशे वर्षांनी, हाताशी इतका आखूड उजेड असताना, पुन्हा कीटकालाच गोठवणं हे या कलेचं पाऊल मागे नेणं आहे. तो फोटो कितीही स्पष्ट असला तरी त्यातला बसण्याचा ढंग, जागा आणि वेळ सगळं खोटं असतं.

आणि जिवंतपणात जे सापडतं ते नमुन्यात राहत नाही. गोमाशीच्या डोळ्यांवरचे हिरवे-जांभळे पट्टे ती वाळली की नाहीसे होतात. चतुराच्या डोळ्यांचे रंग मेल्यावर काही काळातच मळतात. जुन्या ग्रंथांतली अनेक वर्णनं वाळलेल्या कीटकांवरून केलेली असल्यामुळे त्यांत रंगांबद्दल नुसतं ‘तपकिरी’ लिहिलेलं आढळतं.

महाराष्ट्रात याची फळं गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्पष्ट दिसली आहेत. २०१५ मध्ये निलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, हे राज्याचं फुलपाखरू जाहीर झालं. असं फुलपाखरू निवडणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. २०२१ मध्ये ठाणे परिसरातून वर्णन झालेल्या काही मिलिमीटरच्या उड्या मारणाऱ्या कोळ्याला २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात दहशतवादी कसाबला पकडून देताना प्राण गमावलेल्या पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालं. सिंधुदुर्गातून २०१९ मध्ये ‘सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स’ ही टाचणी (चतुराचा सडपातळ नातलग) आणि २०२२ मध्ये आंबोलीजवळच्या चौकुळ गावाचं नाव धारण करणारा ‘बर्मागोम्फस चौकुळेन्सिस’ हा चतुर विज्ञानात दाखल झाला. नवी जात जाहीर करायला सहसा नमुना लागतो, ते काम नुसत्या फोटोने क्वचितच भागतं. पण ओहोळाकाठी दगडावर बसलेला चतुर ओळखीचा नाही, हे लक्षात यायला बहुतेक वेळा आधी फोटो लागतो, आणि तोही सगळा स्पष्ट असलेला. चतुरांच्या या कुळात छातीच्या बाजूच्या पिवळ्या पट्ट्यांची जोडणी आणि शेपटीच्या टोकाचे आकडे यांवरून जाती वेगळ्या करतात. म्हणून सह्याद्रीत हिंडणारे जाणते लोक नवख्यांना सांगतात की समोरून डोळ्यांचा देखणा फोटो जरूर घ्या, पण चतुर उडण्याआधी एक पाठीवरून, एक बाजूने आणि एक शेपटीच्या टोकाचा, एवढे तीन तरी घेऊन ठेवा.